पाठपोट

बिंदू चौकाच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान.
एक बाजू दोन रुपये, पाठपोट तीन.
परवा विद्यापीठातनं मृणाल चौगुले आली,
भूपाल मगदूमांवर प्रबंध लिहितेय म्हणाली,
हातात ती यानाचीच कादंबरी,
जिचा उतारा आम्हाला दहावीला होता.
शेवटी सगळे वळून पृथ्वीकडं बघतात
आणि बाई फळ्यावर लिहितात: मध्यवर्ती कल्पना, गुण पाच.

म्हटलं, हे तर सगळ्यांनी वाचलंय.
आणि काउंटरखालनं चपलांचं खोकं ओढलं.

मगदूम वीज मंडळात होते, मीटर बघायचे.
पेठेतली कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत त्यांच्यावर.
दुकानात आले की घासाघीस ठरलेली:
"कागद एकच हाय की ओ बाई, पाठीचे पैसे कशाला?"
ते गेल्यावर पोरानं सगळं लक्ष्मीपुरीत रद्दीत घातलं.
शौकतभाई मला पाठकोरे कागद देतो किलोनं,
त्यात हे आलं.

साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल.
नफा-तोट्याच्या तक्त्यानंतर, खताच्या जाहिरातीआधी, गोष्ट:
शनीच्या एका चंद्रावर गुऱ्हाळ.
यंत्राला आच कळते, गोडी कळते,
काहिलीतला पाक किती दाट, तेही.
फक्त उतरवायचं कधी, ते कळत नाही.
म्हातारा गुळव्या बोट पाण्यात बुडवतो, मग पाकात.
यंत्र विचारतं, आत्ता काय झालं?
तो म्हणतो, काय नाही. थांब.
बारा पानांत एवढंच. थांब.

एका तालमीची स्मरणिका, कव्हर नसलेली.
चंद्रावरची कुस्ती.
सहा पटीनं हलके झालेले दोन मल्ल
एकमेकाला उचलतात पोत्यासारखं, नव्हे, पिसासारखं,
पण पाठ मातीला लागायला इतका वेळ लागतो
की पंच मधल्या मधे चहा पिऊन येतो
आणि पडणारा, पडता पडता,
घरी काय सांगायचं ते जुळवत बसतो.
पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले.
दुसऱ्यांदा नाही हसले.

मृणाल भराभर फोटो काढत होती.
"हे कुठल्याच सूचीत नाही, मावशी."
म्हटलं, सूचीवाले रद्दी घेत नसतील किलोनं.

तळाशी विजेची बिलं, न वाटलेली,
आणि त्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं शेवटची गोष्ट.
नोव्हेंबर. अंबाबाईचा किरणोत्सव.
सूर्यावरनं आठ मिनिटांपूर्वी निघालेला एक किरण
महाद्वाराकडं येतो, आणि वाटेतच विझतो,
मधे नवी चार मजली इमारत.
कारकून वहीत लिहितो: चरणांपर्यंत नाही.
दुसऱ्या वर्षी तेच.
तिसऱ्या वर्षी किरण त्याला विचारतो,
पंधरा कोटी किलोमीटर आलो,
आता शंभर हातांसाठी अर्ज कुणाकडं करू?
तिसऱ्या मजल्यावर मीटर बघायला आलेला माणूस
घरातल्या बाईला म्हणतो,
पुढची खिडकी उघडा, आणि मागचीपण.
ती म्हणते, धूळ येते ओ.
येऊ दे जरा. पाच मिनिटं.
ती उठते. एक कडी निघते.
दुसरी गंजलेली

इथं बिल संपतं. पुढची सगळी पाठकोरी.

मी एकेक काचेवर ठेवत गेले.
हिरवा उजेड खालनं सरकला,
मागील रीडिंग, चालू रीडिंग, थकबाकी,
उलटलं, पेन्सिल,
उलटलं, आणि मग ज्यांच्या मागं काही नाही तीही.
"मावशी, कोरं कशाला?"
पाठपोटच करते मी. तीन रुपये.
तिनं मोजून दिले.

घाईत एकदा झाकण उघडंच राहिलं.
उजेड छताला लागला, पंख्याच्या पात्याला,
भिंतीवरच्या अंबाबाईच्या कॅलेंडरवर
खालच्या तारखांपर्यंत गेला.
चरणांपर्यंत नाही.

पुढच्या पानाला झाकण थोडं तिरकं धरलं.